वादीचा बॉल, पाच आठवडे वापरून

आधी या फुटबॉलची किंमत सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. 2,850 रुपये, पक्क्या बिलासकट. सोबत एक जास्तीची वादी, म्हणजे बॉलचं तोंड आवळायची चामडी दोरी, ती ओवायची वाकडी पितळी सुई आणि एक कापडी पिशवी. पंप आपला आपण आणायचा. ब्लॅडर, म्हणजे आतला हवेचा रबरी फुगा, आत घातलेलाच येतो. तो भोक पडलेला आला तर काय करायचं, ते पुढे येईलच.

वस्तू म्हणजे जुन्या धाटणीचा फुटबॉल. जाड तपकिरी चामडं, अठरा पट्ट्या, सगळी हातशिलाई, आत रबरी ब्लॅडर आणि तोंड वादी आवळून बंद करायचं. आजकाल असे बॉल शोकेसमध्ये ठेवायला बनतात. बहुतेकांचं चामडं नकली असतं आणि वादी नुसती वरून शिवलेली असते. हा खरा आहे. जालंधरचा माल. फाळणीनंतर सियालकोटचे बॉल शिवणारे कारागीर तिकडे आले आणि तो धंदा तिथे रुजला. मी धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या आसपास स्पोर्ट्सच्या दुकानांची जी रांग आहे, तिथल्या एका दुकानातून मागवून घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि भांडण चालू असताना नाव घेणं मला प्रशस्त वाटत नाही.

मी परळच्या एका मराठी शाळेत 24 वर्षं पीटी शिकवते. 29 ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाला, दरवर्षी एक भिंत सजवायची असते. दरवर्षी ध्यानचंद. तोच फोटो, तोच हार, चौथीतल्या कुणाचं तरी तेच भाषण. यंदा मी म्हटलं, आशियात देशादेशांमधले फुटबॉलचे सामने कसे सुरू झाले त्याची भिंत करू. हेडबाई म्हणाल्या, "अहो, पण दिवस हॉकीचा ना?" मी म्हटलं, ध्यानचंद कोपऱ्यात ठेवते, हार त्यांनाच घालू. परवानगी मिळाली. तक्ते मुलांनी रंगवले. पण नुसते तक्ते कोण वाचतं? भिंतीसमोर टेबलावर हातात घेता येईल अशी एक तरी वस्तू हवी. म्हणून हा बॉल.

घरी आणल्यावर पहिल्यांदा बाबांनी घेतला. बाबा माझे 87 वर्षांचे, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेले, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त. तरुणपणी गल्लीत आणि मैदानात अनवाणीच खेळले. त्यांनी बॉल नाकाशी नेला, वास घेतला, मग दोन्ही अंगठे शिवणीवर दाबून सगळीकडून फिरवला. आई त्यांना बाजारात कलिंगड घेताना ओरडायची, तसा अगदी.

"टाके बरे आहेत," ते म्हणाले. "पण वादी भिकार."

"बाबा, तुम्ही अजून हवा पण नाही भरलीत."

"हवा कशाला? वादी बघ. चपटी आहे. ओली झाली की ताणेल, सुकली की तुटेल. आणि गाठ वर ठेवलीय. कुणी डोकं मारलं म्हणजे?"

इथे थोडं थांबते, कारण हा बॉल घेणाऱ्याने हे शिकलंच पाहिजे, आणि सोबत दिलेल्या इंग्रजी कागदावर त्यातलं काही नाही. या ब्लॅडरला आजच्यासारखा वॉल्व नसतो, रबराची बोटभर नळी असते. बॉलला एका बाजूला चीर असते. हवा काढलेला ब्लॅडर घडी करून त्या चिरेतून आत सारायचा, आत हात घालून त्याच्या सुरकुत्या काढायच्या, नळी चिरेच्या बरोबर मधे आणायची. मग सायकलचा पंप लावून हवा भरायची. भरली की नळी चिमटीत धरून दुमडायची आणि दोऱ्याने करकचून बांधायची. आता ही बांधलेली नळी चिरेखाली जी चामड्याची जीभ असते तिच्याखाली दाबून बसवायची, आणि मग वादी. एकाने बॉल गुडघ्यात दाबून धरायचा, दुसऱ्याने सुईने वादी एकेका भोकातून ओढायची, प्रत्येक फेरीला मागची आवळत. शेवटचं टोक गाठ न मारता आधीच्या फेऱ्यांखाली सरकवायचं. बाबांच्या मते गाठ मारणारा बॉल लावणारा नव्हे. गाठ म्हणजे कुणाच्या तरी कपाळावर खूण.

आम्हाला पहिल्यांदा पाऊण तास लागला. बाबांच्या बोटांना आता जोर नाही आणि मला अक्कल नव्हती. रात्री साडेनऊला बॉल टणक झाला. सकाळी सहाला बसलेल्या इडलीसारखा होता.

पुन्हा सगळं उलटं. वादी काढा, जीभ उचला, ब्लॅडर बाहेर. बादलीत बुडवला तर नळीच्या मुळाशी बारीक बुडबुडे. त्या दिवशी दुपारी दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा शोपीस आहे, यात हवा भरायची नसते." मी बिल दाखवलं. बिलावर 'फुटबॉल' लिहिलेलं. मग मालक आले. म्हणाले, ब्लॅडरची गॅरंटी नसते. 180 रुपये देऊन दुसरा घेतला, तो एक नंबर लहान निघाला, आत सैल बसतो आणि बॉलला एक बाजू चपटी येते. तिसरा 'मागवलाय'. जुलैपासून मागवलाय. तोवर बाबांनी पहिल्यालाच सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून दिलं आणि सध्या बॉल त्यावर चालू आहे. थोडक्यात, बॉल घेताना ब्लॅडर दुकानातच हवा भरून, पाण्यात बुडवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील. करू द्या.

आता खेळून कसा आहे.

कोरड्या मैदानावर सुरेख. मला वाटलं होतं दगडासारखा लागेल. तसं नाही. आजच्या बॉलपेक्षा उसळी कमी, पण पायाला चिकटून राहतो. माझ्या सातवी-आठवीच्या मुलामुलींना मी सगळ्यांना बूट काढायला लावले. पहिली दहा मिनिटं आरडाओरडा. नंतर सगळी पायाच्या आतल्या बाजूने ढकलायला लागली, कारण अंगठ्याने मारलं की कळ थेट डोक्यात. सातवीतली श्रावणी, जी बुटात नुसती धावते, ती अनवाणी चक्क ड्रिबल करायला लागली. म्हणाली, "बाई, बॉल कुठे आहे ते न बघता कळतं." मी त्या रात्री बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? आम्ही काय वेडे होतो?"

या एका वाक्यासाठी मला बॉलचे निम्मे पैसे वसूल वाटतात. आपल्याकडे अनवाणी फुटबॉल म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर दया येते. गरीब बिचारे, बूट नव्हते. 1911 साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड ही तिथली मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचे जवळजवळ सगळे खेळाडू अनवाणी होते आणि समोरचे गोरे सोल्जर बुटात. 29 जुलैचा दिवस, कलकत्त्याचा पावसाळा. ती काही दयेची गोष्ट नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला, बहुतेक जण अनवाणी, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. 89 व्या मिनिटापर्यंत 1-1 होते. आपण दोन पेनल्टी घालवल्या, फ्रान्सने शेवटच्या क्षणी गोल केला आणि 2-1 ने जिंकले. आपला गोल सारंगपाणी रामनचा. कॅप्टन तालिमेरेन आओ म्हणाला म्हणे, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता. हे वाक्य मुलांनी तक्त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय, स्कोअरपेक्षा मोठ्या.

भिंतीवर सगळ्यात आधी मात्र भारत नाही. आहे ते 1913 सालचं मनिला. फार ईस्टर्न चॅम्पियनशिप गेम्स नावाच्या स्पर्धा तिथे सुरू झाल्या आणि त्यात फिलिपिन्सने चीनला 2-1 हरवलं. आशियातल्या दोन देशांच्या संघांनी स्पर्धेत खेळलेल्या सगळ्यात जुन्या सामन्यांपैकी हा एक. पुढच्या प्रत्येक वेळी चीन जिंकला, फक्त 1930 ला टोकियोत जपानबरोबर विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. 1917 ला टोकियोतच फिलिपिन्सने जपानला 15-2 हरवलं होतं. हा आकडा बघून आठवीतला एक मुलगा माझ्याकडे खडू घेऊन आला. "बाई, हे चुकलंय. 1-2 हवं." त्याला पटवायला वेळ लागला. त्या फिलिपिन्स संघात पाउलिनो अल्कांतारा होता. बार्सिलोनाचा माणूस, पुढे डॉक्टर झाला, आणि त्याचा त्या क्लबमधला गोलांचा विक्रम मेस्सीने मोडेपर्यंत टिकला. मेस्सी म्हटल्यावर मुलाने खडू खाली ठेवला.

1934 ला या स्पर्धा शेवटच्या झाल्या. जपानला मांचुकुओ, म्हणजे त्यांनी चीनकडून तोडलेला मुलूख, वेगळा देश म्हणून आत घ्यायचा होता. चीन कसा मानणार? मोडलं सगळं. त्याच शेवटच्या वेळी डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जपानला 7-1 हरवून गेला, आणि चारच वर्षांनी वर्ल्ड कपला पोहोचलेला पहिला आशियाई संघ ठरला. एकच सामना, हंगेरीकडून 6-0 ने हार. पण त्यांचा कॅप्टन अखमद नाविर चष्मा लावून खेळायचा. असा वादीचा बॉल हवेतून येतोय आणि समोरचा चष्म्यात! आमच्या वर्गातल्या चष्मेवाल्यांनी त्या तक्त्याचा ताबाच घेतला.

वादीवरून आठवलं. वादी नसलेला, आतून शिवलेला बॉल 1931 मध्ये अर्जेंटिनाच्या बेल व्हिल गावातल्या तिघांनी काढला. 1950 च्या वर्ल्ड कपला बिनवादीचाच बॉल होता. आमच्या नायगावात तो यायला बरीच वर्षं लागली असावीत, कारण बाबांच्या डाव्या भुवईवरची खूण वादीची आहे.

आता ओली परीक्षा. हीच खरी, कारण मुंबईत जून ते सप्टेंबर कोरडं मैदान क्वचितच बघायला मिळतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, भर पावसात, शाळा सुटल्यावर आम्ही चाळीस मिनिटं खेळलो. खेळायला जाण्याआधी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर बॉल ठेवला: 438 ग्रॅम. नियमात बसतो, नियम 410 ते 450 चा आहे. परत येताना पुन्हा ठेवला: 571. भाजीवाला म्हणाला, "अदपाव पाणी प्यायला की हो." अदपावाहून थोडं जास्तच. गंमत अशी की नियमात वजन सामना सुरू होताना मोजायचं असं आहे. संपताना बॉल किती किलोचा झालाय याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. ज्याने तो नियम लिहिला तो पावसात उभा राहिलेला माणूस होता, एवढं नक्की.

571 ग्रॅमचा बॉल अनवाणी मारायचा म्हणजे काय ते मी स्वतः बघितलं. पहिली लांब किक मी मारली. पायाचा वरचा भाग दोन दिवस हळदीच्या लेपात होता. बॉल दहा-बारा मीटर गेला आणि चिखलात फतकल मारून बसला. मुलं हसली. डोकं मारायला मी कुणालाही दिलं नाही आणि तुम्हीही देऊ नका. मी गंमत करत नाहीये. शाळेत, क्लबमध्ये, कुठेही हा बॉल घेऊन गेलात तर ओला झाल्यावर हेडिंग बंद. कोरडा असतानासुद्धा माझ्या मुलांना बंदच होतं.

आणखी एक. बॉल ओला झाल्यावर गोल राहत नाही. शिवणाच्या टेपने मोजला तर एका बाजूने 69.5 सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने 71. नारळासारखा. वादी बाबा म्हणाले तशी ताणली आणि तिसऱ्या दिवशी सुकल्यावर दोन ठिकाणी तडकली. जास्तीची जी दिलीय तीही तशीच आहे, म्हणून मी लालबागला एका मोच्याकडून चपलेच्या अंगठ्याची गोल वादी कापून आणली, 40 रुपये. ती उत्तम चाललीय. दुकानदाराने 2,850 मध्ये ही 40 रुपयांची अक्कल का घातली नाही, हे त्यालाच ठाऊक.

सुकवायचा सावलीत, पंख्याखाली, अर्धी हवा काढून. उन्हात अजिबात नाही. सुकल्यावर शिवणींना एरंडेल चोळायचं, फडक्याने, थोडं थोडं. खोबरेल लावू नका, बुरशी येते. माझ्या बॉलवर आली, पांढरी, पावसाळ्यात कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यांवर येते तशी. पुसली तर गेली, पण डाग राहिला.

ओला बॉल घरी आणला त्या रात्रीचं बोलणं लिहिते, कारण भिंतीवरचा सगळ्यात भांडणाचा तक्ता त्यातून निघाला. शाळेत कुणालाही विचारा, शिक्षकांनासुद्धा: भारत 1950 च्या वर्ल्ड कपला का गेला नाही? उत्तर ठरलेलं. बूट घालायची सक्ती होती, आपल्याला अनवाणी खेळायचं होतं, म्हणून नाही गेलो. ही गोष्ट दर चार वर्षांनी व्हॉट्सॲपवर येते, खाली तिरंगा आणि हात जोडलेले.

मी बाबांना म्हटलं, "आज पाय सुजल्यावर मला ती गोष्ट खरी वाटायला लागलीय."

"कशी?"

"या बॉलने ब्राझीलमध्ये अनवाणी कोण खेळणार?"

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "अगं, पण तिथे पाऊस होता का? आणि आपण ऑलिंपिकला गेलोच होतो ना दोन वर्षं आधी, अनवाणी? तेव्हा कुणी अडवलं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ब्रह्मदेश, फिलिपिन्स यांनी आधीच माघार घेतल्यामुळे आपण एकही सामना न खेळता पात्र ठरलो होतो. इटली, स्वीडन, पॅराग्वे यांच्या गटात आपलं नावसुद्धा पडलं होतं. आणि मग आपल्या फेडरेशनने संघ पाठवला नाही. ब्राझीलचा लांबचा बोटीचा प्रवास, खर्च, सरावाला वेळ नाही ही कारणं होती. त्याहून मोठं म्हणजे तेव्हा ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपला आपल्याकडे कुणी फारसं विचारत नव्हतं. बूट हे फार तर सोयीचं कारण. अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला छान, त्यात अभिमान आहे, थोडं दुःख आहे. ज्यांनी पाठवलं नाही त्यांचा त्यात उल्लेखच येत नाही, हीच तिची सोय.

पायांनी आपल्याला खरा दगा दिला तो पुढे, हेलसिंकीत. 1952 चं ऑलिंपिक, युगोस्लाव्हियाकडून 10-1. थंड हवा, बधिर झालेले अनवाणी पाय, समोर बूट घातलेले धिप्पाड गडी. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले. म्हणजे सक्ती झाली, पण बाहेरच्या कुणी केली नाही, आपली आपणच केली, आणि वर्ल्ड कप चुकवल्यानंतर दोन वर्षांनी. मुलांनी या तक्त्याला 'खोटी गोष्ट, खरी गोष्ट' असं नाव दिलंय. हेडबाईंना ते जरा भडक वाटलं. मी ठेवलंय.

मधल्या वर्षी, 1951 ला, दिल्लीत पहिल्या एशियन गेम्स झाल्या, तेव्हाही आपले कितीतरी खेळाडू अनवाणीच होते. इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0, आणि 10 मार्चला अंतिम सामन्यात इराणला 1-0. गोल साहू मेवालालचा, कॅप्टन शैलेन मन्ना, नेहरू बघायला बसलेले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, मुळात शाळामास्तर. म्हणून माझ्या भिंतीवर त्यांचा फोटो ध्यानचंदांच्या अगदी शेजारी आहे. आमच्या जातकुळीचा माणूस, एवढा पक्षपात चालायचा.

रहीमसाहेबांचा हैदराबाद पोलीस संघ मात्र बाबांचा स्वतःचा विषय. रोव्हर्स कप, कूपरेजचं मैदान. 1891 ला मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा या संघाने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं जिंकली. बाबा शेवटच्या दोन वर्षी शाळा चुकवून गेले होते. त्यांना खेळापेक्षा त्या संघाचं पासिंग आठवतं. "बॉल जमिनीवरून. वर उडवायचेच नाहीत." मी म्हटलं, या बॉलने वर उडवणार कसे? ते म्हणाले, "तसं नव्हे, उडवता यायचं. पण नाही उडवायचे."

नेव्हिल डिसूझालाही त्यांनी कूपरेजवर बघितलंय, टाटांच्या संघाकडून खेळताना. गोव्याचा मुलगा, मुंबईत वाढलेला खेळ. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 हरवलं, त्यातले तीन त्याचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आधी गोल त्यानेच केला, मग चार खाल्ले. आपण चौथे आलो. हे सगळं बुटात. चार वर्षांत संघ 10-1 वरून ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत. मधे कोलंबो कप होता, भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश यांच्यात. 1952 ते 1955, कोलंबो, रंगून, कलकत्ता, ढाका. चारही वेळा आपण, पहिल्यांदा पाकिस्तानबरोबर वाटून. या कपाचं नाव आज कुणाला माहीत नाही. आमच्या भिंतीवर त्याला सगळ्यात लहान तक्ता आला, कारण ज्याच्याकडे दिला होता त्याला कांजिण्या झाल्या.

1962 च्या जकार्ताला या बॉलशी जोडायचा मोह मी टाळते. तिथे एक लाख लोक आपल्याविरुद्ध ओरडत असताना दक्षिण कोरियाला 2-1 हरवून पुन्हा सुवर्ण आणलं, डोक्याला टाके असलेला जर्नेल सिंग फॉरवर्ड म्हणून खेळला आणि गोल केला. टाटांचाच फॉर्चुनाटो फ्रँको त्या संघात होता. तो तक्ता वेगळ्या भिंतीवर, जिन्याजवळ आहे. तिथे मुलं जास्त थांबतात, बहुतेक टाक्यांमुळे.

तर, घ्यावा का?

दिवाणखान्यात ठेवायला हवा असेल तर घेऊ नका. त्यासाठी 700-800 रुपयांत नकली मिळतो आणि तो कधी बुरसत नाही. खेळायला रोजचा बॉल म्हणूनही नको, दर शनिवारी वादी ओवायला घरात एक म्हातारा माणूस हवा. शाळेला, क्लबला, कुणाच्या तरी आजोबांना द्यायला असेल तर जरूर घ्या. चामडं आणि शिवण यांना मी पाचपैकी साडेचार देईन. पाच आठवड्यांत एक टाका सुटलेला नाही, आणि तोही चाळीस-चाळीस मुलांच्या हाणामारीत. वादीला एक. ब्लॅडरला शून्य. दुकानाच्या वागणुकीला किती द्यायचे ते तिसरा ब्लॅडर आला की ठरवते.

घेतलात तर आकार पाच नंबरच मागा आणि तो बॉलवर छापलेला बघून घ्या, बिलावरचा नव्हे. गोल वादी मोच्याकडून आधीच कापून ठेवा. सुई हरवू नका. माझी हरवली आणि बाबांनी गोधडी शिवायची सुई तापवून वाकवली, ती खरं तर जास्त बरी आहे.

29 तारखेला बॉल टेबलावर ठेवला तेव्हा शेजारी पाटी लिहिली होती, 'हात लावू शकता'. दुपारपर्यंत वादी सुटलेली, जीभ बाहेर, आणि आठवीतला तो खडूवाला मुलगा जमिनीवर बसून बॉल गुडघ्यात दाबून परत ओवत होता. गाठ मारत होता. मी त्याला बाबांचा नंबर दिला.